वेलिगामाला कधी जायचं

९ जानेवारी

सकाळी चहा घेताना श्वेता म्हणाली, "मम्मी, मुझे वेलिगामा जाना है. आप चलोगी?" मी हो म्हटलं. ऑफिसात जाऊन फाईल उघडल्यावर लक्षात आलं, आपण हो म्हणालो.

वेलिगामा म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं गाव. तिथे लोक फळीवर उभे राहून लाटेसोबत घसरत काठापर्यंत येतात. सर्फिंग. माझ्या मुलाला, संकेतला, ते शिकायचं होतं, श्वेताशी लग्न होण्याच्याही आधीपासून. समुद्र त्याने दोनदाच पाहिलेला, पुरीला आणि मुंबईला.

दुपारी डब्यात काय होतं आठवत नाही. डबा रिकामा आहे म्हणजे खाल्लं.

१२ जाने.

जेवताना श्वेताने स्वतःच यांना सांगितलं. हातातला घास ताटात ठेवून हे तिच्याकडे पाहत राहिले.

"पोरगा जाऊन सहा महिने नाही झाले, अन् तुमाले लाटा सुचून राहिल्या?"

"पापा, वो जाना चाहता था."

"तो जाणार होता. आता तो नाही."

भात निवला. मी झाकून ठेवला.

मला यांचा राग आला नाही, सुनेचाही नाही. सप्टेंबरपासून हे असंच आहे. संकेतला डेंग्यू झाला, दवाखान्यात नेलं, आठवडा पण नाही झाला आणि संपलं. घरभर लोक रडत होते, मी त्यांना पाणी देत होते. अजून रडू आलेलं नाही. धाकटी बहीण फोनवर म्हणते, ताई, एकदा रडून घे. जसं काही बाकी राहिलेलं काम आहे.

१८ जाने.

श्वेता आज क्लिनिकमधून लवकर आली. मोबाइलवर मला सगळं दाखवत बसली. वेलिगामाचा समुद्र नोव्हेंबर ते एप्रिल चांगला. शिकणाऱ्यांसाठी लाटा बेताच्या, वारा कमी. मे लागला की पाऊस, वारा समुद्राकडून अंगावर येणारा, पाणी गढूळ, लाट धड उभी राहत नाही. तेव्हा सगळे बेटाच्या पूर्वेला जातात, तिकडचं तेव्हा सुरू होतं.

हे सगळं तिला पाठ. दोन वर्षं दोघं हेच बघत होते. पहिल्या वर्षी संकेतचं मार्च एंडिंग. दुसऱ्या वर्षी हिच्या क्लिनिकमधली दुसरी फिजिओथेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर. "अगले सीज़न, मम्मी, पक्का."

तो हॉलमध्ये प्लास्टिकच्या पाईपच्या तुकड्यावर पाट ठेवायचा आणि वर उभा राहून तोल सांभाळायचा. एकदा टीव्हीचं टेबल घेऊन पडला. हे किती हसले होते तेव्हा, ठसका लागेपर्यंत.

लिहिताना काही झालं नाही मला. लिहिलं, एवढंच.

२५ जाने.

आज यांनी आपणहून विषय काढला. श्रीलंकेलाच जायचं तर अनुराधापूर. संघमित्रेने नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष आहे तिथे. जायचं ते जूनच्या पौर्णिमेला, तिचा भाऊ महेंद्र थेर धम्म घेऊन ज्या पौर्णिमेला तिथे पोचले त्या.

"मी बी येतो. संकेतच्या नावानं दान करू, पुण्यानुमोदन तिथंच करू. मंग पाहून घ्या तुमच्या लाटा बी."

रेल्वेत जन्म गेला, त्यामुळे लगेच चेन्नईच्या गाड्या बघायला लागले. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन. खूप दिवसांनी काहीतरी करताना दिसले.

श्वेता हळूच म्हणाली, "पापा, जून में उधर समंदर ख़राब रहता है."

"समुद्र काय पाहाचा आहे? बोधिवृक्ष पाहाचा आहे."

"मुझे पानी में उतरना है, पापा."

यांनी पेन्सिल ठेवली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूच ठरव मंग." श्वेता म्हणाली, "हाँ, मम्मी बताएँगी."

मी म्हटलं, रजा बघून सांगते.

१ फेब्रु.

संध्याकाळी तेलीबांध्याला फिरायला गेले, एकटीच. तळ्याच्या काठाला सगळं गाव मरीन ड्राइव्ह म्हणतं. रायपूरचा समुद्राशी संबंध एवढाच. भुट्टा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

तिथेच भिलाईहून फोन आला, श्वेताच्या आईचा. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग यांची, मग थांबल्या.

"ताई, एक स्थळ आहे. नागपूरचा पोट्टा, इंजिनियर. घटस्फोट झालेला, लेकरूबाकरू नाही. त्यायले मे महिन्यात करायचं आहे. श्वेता तुमचं ऐकते, माह्यं नाही ऐकत. तुमीच सांगा तिले."

मी ऐकत होते.

"अन् ते समुद्राचं आता नका काढू. जाईल न लग्नानंतर, नवऱ्यासोबत. डिसेंबरात. तवा तं तिथं सीझनच असते म्हणे."

विहीणबाईंनाही सीझन माहीत झालाय.

बघते म्हटलं. ती बाई वाईट बोलली नाही. लेक एकोणतीस वर्षांची आहे. माझी लेक असती तर मीही हेच...

३ फेब्रु.

ऑफिसात दिवसभर कॅलेंडर डोळ्यासमोर. मार्चमध्ये श्वेता गेली तर संकेतची बायको म्हणून जाईल. जूनमध्ये गेली तर, काय माहीत, हातावर मेंदी असेल आणि सोबत आम्ही दोघं म्हातारे. जमेल का ते कोणाला. डिसेंबरात गेली तर नवऱ्यासोबत जाईल, आम्हाला फोटो येतील.

ठरवायचं मी. आणि मला यातलं काहीच जास्त पाहिजे किंवा नको असं होत नाही. तिन्ही सारखेच.

बडे बाबूंनी विचारलं, मॅडम, मार्च में छुट्टी चाहिए क्या? त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. "हव," म्हणून होकार दिला. मग म्हटलं, अजून नक्की नाही.

८ फेब्रु.

गुडघ्याच्या निमित्ताने श्वेताच्या क्लिनिकला गेले. आमच्या समता कॉलनीतच आहे, गल्लीपासून चालत. घरी बोलले असते तर हे मधे आले असते.

ती गुडघा दाबत होती. मी छताकडे पाहून सांगितलं, भिलाईहून फोन होता, नागपूरचं स्थळ आहे.

"मुझे पता है. आई दो बार बोल चुकी."

"मग?"

"आप क्या चाहती हो, मम्मी?"

मी म्हटलं, "श्वेता, तू राहावीस असं मला वाटायला पाहिजे. नाहीतर तू जावीस, सुखी व्हावीस, असं वाटायला पाहिजे. मला दोन्ही वाटत नाही. काहीच वाटत नाही ग मला."

हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. यांच्याजवळही नाही.

तिचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. "मुझे भी नहीं," म्हणाली. "सुबह उठती हूँ, पेशेंट देखती हूँ, सो जाती हूँ. इसीलिए जाना है. पानी ज़ोर से मुँह पे मारेगा तो शायद..."

पडदा सारून पुढचा पेशंट आत डोकावला. तिने गरम शेकाची पिशवी ठेवली आणि त्याच्याकडे गेली.

आठ वर्षं ओळखतो आम्ही एकमेकींना, लग्नाआधीची धरून. आज वाटलं ही माझ्यासारखीच आहे. वाटलं म्हणजे, दिसलं.

१६ फेब्रु.

ठरवलं. मार्चअखेर. आम्ही दोघीच.

यांना सांगितलं तेव्हा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. "ठीक आहे," म्हणाले. नळी एकाच कुंडीत धरून उभे, पाणी वाहून जिन्यापर्यंत आलं. नंतर म्हणाले, "जूनले मी एकटा जाईन."

"जा," मी म्हटलं. बोलून गेले.

भिलाईला फोन केला. मार्चअखेर जाऊन येतो, मग श्वेता उत्तर देईल. विहीणबाई रडायलाच लागल्या.

"ताई, तिकडं जाऊन तिचं मन बदललं तं?"

"कोणीकडे बदललं तर?" मी खरंच विचारलं. टोमणा नव्हता.

त्यांनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "पोट्टीले सांभाळून नेजा."

२ मार्च

पोहण्याचा तलाव उघडला, थंडीत बंद होता. श्वेताने बायकांच्या वेळेत नाव घातलं. सर्फिंगच्या लोकांनी कळवलंय, निदान घाबरल्याशिवाय पाण्यात राहता आलं पाहिजे. मी सोबत. काठावरच्या सिमेंटच्या बाकावर बसते, पर्स आणि टॉवेल सांभाळते.

आज शिकवणाऱ्या दीदींनी सगळ्यांना श्वास धरून खाली बसायला सांगितलं. एकेक करत सगळ्या वर आल्या. श्वेता आली नाही. पाणी स्वच्छ होतं, तिची निळी टोपी दिसत होती तळाशी, हलत नव्हती.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले. "संकेत!" असं ओरडले.

सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. श्वेता वर आली, नाकातोंडातून पाणी, धापा टाकत हसत होती. सगळ्यात जास्त वेळ राहिली होती ती. "क्या हुआ, मम्मी?"

काही नाही म्हटलं.

ऑटोत बसले. पर्सची चेन लागेना. तिने लावून दिली आणि काही विचारलं नाही. तिने नाव ऐकलं का, माहीत नाही. घरी येऊन पोळ्या केल्या. जरा जाड झाल्या.

९ मार्च

नागपूरचा तो मुलगा भिलाईला आला होता. अमोल. श्वेता म्हणाली, मम्मी आल्या तरच जाईन. गेले. सासू म्हणून जायचं की आई म्हणून, साडी कोणती नेसायची, काही कळेना. ऑफिसातलीच नेसले.

उंच आहे, केस विरळ होत आलेले. हातात ट्रे आला तेव्हा पहिली प्लेट मला दिली. बोलणं चाललेलं असताना त्याने सरळ विचारलं, "मार्चमध्येच जायचं काही कारण?"

श्वेताची आई घाईने काही बोलणार होती. श्वेताच बोलली, आणि मराठीत बोलली, जी ती कधी बोलत नाही. "मला संकेतची बायको म्हणून जायचं आहे. नंतर गेले तर तसं जाता येणार नाही."

अमोल मान हलवत राहिला. मग म्हणाला, "जाऊन या. फक्त समुद्र खवळला असेल तर उतरू नका. वाट पाहायला मला काही नाही."

परत येताना कारमध्ये श्वेता खिडकीबाहेर पाहत होती. "कैसा लगा, मम्मी?"

"चांगला आहे," मी म्हटलं. आणि तेव्हा छातीत काहीतरी झालं, डावीकडे, बोट ठेवून दाखवता येईल इतकं. कुम्हारीचा पूल येईपर्यंत होतं. मग गेलं. मुलगा वाईट असता तर नाही म्हणून टाकता आलं असतं.

१५ मार्च

काल रात्री जेवताना यांनी श्वेताला विचारलं, "पोहता येते का आता?"

"थोड़ा-थोड़ा, पापा."

"थोडं थोडं नाही चालत."

दुसरं काही बोलले नाहीत. पण आज सकाळी आम्ही निघालो तर हे चपला घालून गेटजवळ उभे. बायकांची वेळ आहे, आत सोडणार नाहीत, मी सांगितलं. "बाहीर बसतो," म्हणाले.

तासभर भिंतीच्या बाहेर कडुनिंबाखाली बसून होते. आतला आवाज ऐकू येत होता म्हणे, शिट्टीचा, पाण्याचा. श्वेता ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. लग्नाच्या दिवसानंतर मी पहिल्यांदा पाहिलं. तिने मान खाली घातली. मी रस्त्याकडे पाहत राहिले, कोणीतरी ऑटो थांबवायला हवा होता.

२१ मार्च

रजा मंजूर. आज श्वेताने विमानं बुक केली, डायनिंग टेबलवर बसून. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. जाताना रायपूर ते चेन्नई, चेन्नई ते कोलंबो, दोघींचं. परतीचं कोलंबो ते चेन्नई, दोघींचं. मग तिने लॅपटॉप बंद केला.

"आणि चेन्नईहून पुढचं?"

"आपका कर दिया, मम्मी. रायपुर का."

"तुझं?"

"वो चेन्नई आके देखेंगे."

मी शेंगा सोलत राहिले. हे आतून ओरडून विचारत होते, झालं का सगळं बुक? श्वेता माझ्याकडे पाहत होती.

"झालं," मी सांगितलं.

चेन्नईहून नागपूरलाही विमान मिळतं. भिलाईला जायचं तरी रायपूरलाच उतरावं लागतं. तिने यातलं काही ठरवलंय असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मी विचारलं नाही. बॅगेत काय काय घ्यायचं ते उद्या बघू. गळ्यापर्यंत झाकणारं काहीतरी घ्या, श्वेता म्हणाली, तिथे ऊन फार असतं, आणि मम्मी, आप भी पानी में आओगी ना.

बघू म्हटलं.