गाडी विकायची नाही

प्रिय व्हर्जिल,

फोन उचलत नाहीस, उचललास तर आपटतोस, म्हणून हे पत्र. शेजारची ग्रेसिएला तुला वाचून दाखवेल. ग्रेसिएला, शिव्या गाळू नकोस गं, त्या त्याच्यासाठीच आहेत.

तर ऐक. आपली मोटरहोम, आपलं चाकांवरचं घर, विकायची नाही. त्या डेमिंगच्या गिऱ्हाइकाला मी इथूनच कळवलंय, गाडीच दारात नाही तर विकणार काय? तुझी नजर गेली, लायसन गेलं, कबूल. मी न्हाणीघरात नळ सोडून रडलेय त्यापायी. पण म्हणून लास क्रूसेसच्या घरात पडदे ओढून बसायचं आणि "संपलं सगळं, ते धूड विकून टाक," हे एकट्याने ठरवणारा तू कोण? माझे हातपाय धड आहेत ना? वर म्हणालास, "तुला ती साधी मागे घेता येणार नाही." तेव्हाच ठरवलं. तू दुपारचा घोरत होतास, मी किल्ली उचलली.

इतकी वर्षं गाडी मागे घेताना तू आत बसून ओरडायचास आणि मी मागे उभी राहून वेड्यासारखी हात हलवायची. सगळ्या तळाची फुकट करमणूक! इथे गिला बेंडच्या तळावर गाडी मागे घेताना मी पहिल्याच फटक्यात नळाचा खांब वाकवला. शेजारचा म्हातारा धावत आला, "बाई, नवऱ्याला बोलवा." म्हटलं, "नवरा घरी रुसून बसलाय, तुम्ही बाजूला व्हा." मग लावलीच बरोबर मधोमध. मैल्याची टाकीसुद्धा मीच रिकामी केली. तू त्याचं जेवढं कौतुक करून घ्यायचास ना, तेवढं काही अवघड नाही ते.

त्याआधी लॉर्ड्सबर्गच्या पुढे मात्र धुळीच्या वादळाने गाठलं. तू शिकवलंस तसंच केलं. रस्ता सोडून पार बाजूला, दिवे बंद, ब्रेकवरचा पाय वर, म्हणजे मागचा कुणी आपले लाल दिवे बघत येऊन आदळणार नाही. मग नुसतं बसून राहायचं. गाडी गदगदा हलत होती, मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तुझी इतकी आठवण आली मेल्या, की तुला मोठ्यांदा शिव्या घातल्या. तुला रोज असंच वाटतं का रे? सांगत का नाहीस?

"दिसत नाही, तर वाळवंटात येऊन काय करू," म्हणतोस. इथे तळावर संध्याकाळी डॉमिनो चालतो. ओपल नावाची एक आंधळी बाई बोटांनी सोंगट्यांवरचे ठिपके चाचपते आणि चांगल्या डोळस माणसांना धूळ चारते. वर लबाडीही करते. तुझी गाठ पडायलाच हवी तिच्याशी.

बुधवारी येतेय. पाणी भरेन, गॅस भरेन, फ्रीजरमधल्या हिरव्या मिरच्या उचलेन आणि लगेच युटाकडे निघेन. बूट घालून दारात उभा राहिलास तर माझ्या शेजारची सीट तुझी, वाट्टेल तेवढा ओरड. नाही आलास तरी मी जाणार. एकटीला जमतं, हे आता कळलंय मला. आणि खरं सांगू? ते कळलं त्या दिवशी मला घास गेला नाही. तुझ्याशिवाय जमायला नकोय मला, व्हर्जिल. ऊठ.

तुझीच, आणि तुझ्याहून हट्टी,
नेडा