ते उठत नाहीत

कापेल आन डेन आयसेल, हॉलंड,
मंगळवार, १६ मे २००६

ती. बाळासाहेबमामांना पद्मजाचा साष्टांग नमस्कार. (डोकं मघापासून टेबलावर टेकवलेलंच आहे, त्यामुळे नमस्कार अगदी खरा समजावा.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? सुचित्रामामींची साखर? दुकानात अजून लोक टीव्ही दुरुस्तीला आणतात, की बिघडला की सरळ नवाच घेतात? इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. रणजित, मी आणि तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आलेले बाबा, तिघांचीही प्रकृती उत्तम आहे. आजारी आहे तो कम्प्युटर, आणि हे पत्र त्याच्याच पायी हाताने लिहावं लागतंय. चार वर्षं की-बोर्ड बडवल्यावर माझं अक्षर असं झालंय. जिथे लागणार नाही तिथे ‘अरेरे’ असं वाचावं, बहुतेक बरोबर येईल.

इथे पहिली तीन वर्षं मी रणजितच्या व्हिसाचं शेपूट म्हणून काढली हे तुम्हाला माहीतच आहे. बायकोला काम करायची परवानगी आहे हे सरकारने मान्य केलं, पण मला काम द्यावं हे पटायला इथल्या कंपन्यांना आणखी वेळ लागला. शेवटी ब्रेडाच्या एका छोट्या कंपनीत घरबसल्या काम मिळालं. न्हाणीघराच्या फरशांचे कॅटलॉग मांडायचे. (लोक न्हाणीघराची फरशी निवडायला दोनशे पानांचं पुस्तक वाचतात, मामा. आपण कडाप्पा घातला आणि आंघोळीला बसलो.) एका मॉनिटरवर पान, दुसऱ्यावर फरशांचे फोटो, असे दोन मॉनिटर लागतात. पहिले दोन महिने उमेदवारीचे, ते ३१ मेला संपतात. त्यानंतर मला ठेवायचं की नारळ द्यायचा हे मार्लीस नावाच्या माझ्या साहेबीणबाई ठरवणार. मला ही नोकरी फार हवी आहे. इतकी हवी आहे की रणजितलाही मी एवढं मोकळेपणाने सांगितलेलं नाही.

आता घोळ असा, की आमच्या घरात जादाची खोली एकच, आठ बाय नऊची. तेच माझं ऑफिस आणि तीच बाबांची झोपायची खोली. बाबांचं वेळापत्रक तुम्हाला काय सांगायचं? चौतीस वर्षं पुणे महापालिकेच्या पाणीखात्यात काढलेला माणूस. वेळेला व्हॉल्व्ह सोडायचा, वेळेला बंद करायचा. इथे व्हॉल्व्ह नाही, म्हणून स्वतःलाच सोडतात आणि बंद करतात. बरोबर दीडला खिडकीचा पडदा ओढून आडवे होतात, तीनला उठतात. छातीवर चष्म्याचं घर. (आई गेल्यापासून ते घर क्षणभर हातावेगळं होत नाही. पुसून ठेवते म्हटलं तरी देत नाहीत.) आणि मार्लीसबाई चीज-पाव खाऊन झाला की दोनच्या ठोक्याला फोन करतात आणि फोन चालू असतानाच पानात बदल करायला सांगतात. म्हणजे मी दोनला त्या अंधाऱ्या खोलीत चवड्यांवर शिरते. दिवा लावत नाही, पडदा सरकवत नाही, बाबांच्या पलंगाला वळसा घालून खुर्चीत बसते आणि देवाचं नाव घेऊन माउस हलवते.

कम्प्युटर थोडा वेळ एकटा राहिला की झोपतो, आणि त्याच्याबरोबर दोन्ही मॉनिटरही. माउस हलवला की सगळ्यांनी उठायचं, असा करार आहे. गेले तीन आठवडे टेबलाखालचा डबा तेवढा उठतो, आतला पंखा घरघरायला लागतो, मॉनिटर मात्र काळेठिक्कर. मी माउस हलवते, की-बोर्डवर बोटं आपटते, कपाळाला हात लावते. कुठेही उजेड नाही. मॉनिटरवर नाही, खालच्या डब्यावरही नाही. तीननंतर जावं तर दोघं लख्ख जागे आणि फरशा चकाकताहेत.

रणजित रॉटरडॅमच्या एका मोठ्या कंपनीचे तीनशे कम्प्युटर सांभाळतो. तो संध्याकाळी घरी येतो, बूट काढायच्या आत कम्प्युटरला झोपवतो, उठवतो, झोपवतो, उठवतो. त्याच्यासमोर दोघं इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या वर्गासारखे वागतात. त्याने केबली बदलल्या. ग्राफिक्स कार्ड बदललं. सगळं पुसून विंडोज नव्याने घातलं (त्यात माझ्या चारशे फरशा गेल्या, त्या मी दोन रविवार बसून परत लावल्या). मग म्हणाला, डब्यावरचा दिवा बघ, हिरवा आहे की केशरी ते सांग. मी म्हटलं, कुठलाच नाही. तो म्हणाला, पंखा चालू आणि दिवा बंद हे शक्यच नाही. हे वाक्य तो ज्या नजरेने म्हणतो ना, त्यावरून बिघाड कुठे आहे असं त्याला वाटतं ते कळतं. शेवटी नवा पॉवर सप्लाय मागवलाय, आणि तो येईपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायची मला बंदी आहे, कारण मॉनिटर उठवणं हे कम्प्युटरचं काम आहे, माणसाचं नाही. परवा मी तुमचा उपाय केला. दुकानात तुम्ही बिघडलेल्या टीव्हीच्या डोक्यावर मारायचात तशी जोरात थाप मारली. मॉनिटर ढिम्म, बाबा मात्र दचकून उठून बसले.

मागच्या गुरुवारी तर कहर झाला. मार्लीसबाई घरच्या फोनवर खोळंबलेल्या, म्हणून मी मोबाइलवरून रणजितला ऑफिसात फोन लावला, आणि बाबांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत म्हणाले, “रणजित, ते उठतच नाहीयेत. केव्हाचे झोपलेत. मी हलवून पाहिलं. अंग गरम लागतंय, आतून नुसती घरघर येतेय.” मामा, मॉनिटर दोन म्हणून मी ‘ते’ म्हटलं. रणजितने ते आदरार्थी घेतलं. “हात लावू नकोस, आलोच मी,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, बायकोच्या नोकरीची काय तळमळ आहे बघा. त्याने तिथूनच आमच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे घरच्या डॉक्टरला फोन केला. तिथल्या बाईंनी पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं. (इथे प्रत्येक गोष्टीवर हेच औषध. अंगावर बिल्डिंग पडली तरी आधी दोन गोळ्या घेऊन बघायच्या.) मेट्रोने, मग सायकल हाणत, एक पायमोजा साखळीत अडकून फाटलेला, असा रणजित सव्वातीनला धापा टाकत जिना चढला, तेव्हा बाबा पलंगावर बसून बशीतून चहा पीत होते. आत येऊन त्याने बाबांना घट्ट मिठी मारली. लग्नात सुद्धा त्याने नुसता वाकून नमस्कार केला होता. बाबा बशी सांभाळत माझ्याकडे पाहत राहिले. मॉनिटर दोघंही जागे होते, हे सांगायला नकोच.

आपल्याला सगळ्यांनी मेलेला धरलं होतं हे बाबांना कळलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना वाटायला लागलंय की ते आले आणि घरातलं यंत्र बिघडलं. रोज आंघोळीनंतर कम्प्युटरसमोर हात जोडून पुटपुटतात. मला ते बघवत नाही, आणि त्यांच्यावर चिडायलाही होतं, आणि चिडल्याची लाज वाटते. आज दुपारी पुन्हा तेच झालं. मार्लीसबाई चिडल्या नाहीत. इथली माणसं चिडत नाहीत, सरळ सांगतात. म्हणाल्या, “पद्मजा, दुपारी दोनला तू कामावर नसतेस असं मला वाटतं.” मी काय सांगणार होते? पंखा चालू आहे पण दिवा बंद आहे? मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. (फरशी चांगली आहे. कॅटलॉगचं पान एकशे बारा.)

तर मामा, तुमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात घरघर करणारं पण उजेड न देणारं, तेही फक्त दीड ते तीन, असं काही आलं असेल तर कळवा. मामींना नमस्कार सांगा.

तुमची हताश भाची,
पद्मजा

ता. क. – चार पानं इकडचं तिकडचं लिहिलं, पण खरं काम हे आहे. बाबांचं परतीचं तिकीट जूनअखेरचं आहे, ते अलीकडे आणता येतं. तुम्ही फोन करून त्यांना बोलवा. सोसायटीची सभा म्हणा, पेन्शनचा अर्ज म्हणा, काहीही म्हणा. खोली मोकळी झाली तर मी मॉनिटर झोपूच देणार नाही, दोनला समोर बसून राहीन. मी सुचवलं हे त्यांना कळू देऊ नका, रणजितलाही सांगितलेलं नाही. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय, पण दुसरं काही सुचत नाही.

आणखी ता. क. (बुधवार) – वरची ता. क. वाचली असेल तर विसरून जा. फाडून टाकणार होते, पण तिच्या मागच्याच बाजूला मिठीचा मजकूर आहे आणि तो परत लिहायची मनगटाला ताकद नाही. आज मी दीडच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. बाबा आले, पडदा ओढला. मग एका मॉनिटरचं बटण दाबून बंद केलं, मग दुसऱ्याचं. अगदी व्हॉल्व्ह बंद करावा तसं, शांतपणे. झोपलेल्या मॉनिटरवर केशरी दिवा राहतो, तो गेला. खालच्या डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. बाबा खाली बसले, चष्म्याचं घर उघडलं, आतल्या बाजूला चिकटवलेली एक काळी टिकली काढली, त्या दिव्यावर अंगठ्याने नीट दाबून लावली आणि आडवे झाले. तीनला उठून टिकली काढून परत घरात चिकटवली, दोन्ही बटणं सुरू केली, पडदा उघडला. मी सहज विचारावं तसं विचारलं, की ही टिकली कशाला? म्हणाले, “तुझी आई लावायची ना स्टॅबिलायझरच्या दिव्याला. दुपारी डोळ्यांत जातो.”

त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती टिकली परत कधी लावली नसती. आज दोनला मी आत गेले, दोन्ही बटणं दाबली, मार्लीसबाईंचा फोन घेतला, फरशा हलवल्या. “हे हे, आइन्डेलेक,” असं म्हणाल्या, म्हणजे सुटलो एकदाचे. पावणेतीनला बटणं बंद करून बाहेर आले. ३१ मेपर्यंत आणि पुढे ठेवलं तर पुढेही असंच करणार आहे. रणजितलाही सांगणार नाही. तो नवा पॉवर सप्लाय बसवेल, बिघाड जाईल, आणि मग तो मला जन्मभर ऐकवेल. ऐकवू दे. बाबांना मात्र बोलावू नका. उलट तब्येत चांगली असेल तर अजून राहा म्हणा.

शेवटची ता. क. – आता खरोखरीचं काम. त्या टिकल्या आईच्या शेवटच्या पाकिटातल्या आहेत. एक टिकली आठवडाभर चिकटते, मग डिंक जातो. चष्म्याच्या घरात आता चारच उरल्या आहेत. तुळशीबागेत आई जिथून घ्यायची ते दुकान मामींना ठाऊक आहे. काळी, मसुराएवढी, खडा नसलेली. दोन पाकिटं पाठवा, पण बाबांच्या नावाने नको, माझ्या नावाने. ते आंघोळीला गेले की मी दोन-दोन आत चिकटवत जाईन. आईच्याच अजून उरल्या आहेत असं त्यांना वाटू दे.