अलीकडचं की पलीकडचं

३ डिसेंबर
ठरलं. बर्फात जायचं. मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली, जानेवारीअखेर जाणार. त्याआधी तिघांनी मिळून कुठेतरी जाऊ, ही तिची इच्छा. मी समुद्र सुचवला. कुणी ऐकलंसुद्धा नाही. ती हॉस्टेलला असताना स्कीइंग शिकली, बायको तर लहानपणीच शिकलेली. मला वेळ मिळाला नाही, एवढंच. भीती वगैरे नाही. जो माणूस दिवसभर लोकांच्या दाढा उपटतो, त्याला कसली भीती.

५ डिसेंबर
एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन रिसॉर्ट. अलीकडचं आणि पलीकडचं. अलीकडचं लहान, उतार पसरट, फोटोत सगळे बसलेले दिसतात. पलीकडचं मोठं, प्रसिद्ध, फोटोत माणसं हवेत. दोघींना पलीकडचं हवं. मी म्हटलं, घाई नको, अभ्यास करून निर्णय देतो. बायको म्हणाली, निर्णय कुणी मागितलाय?

६ डिसेंबर, रात्रीचं जेवण टाळून
अभ्यास म्हणून पलीकडच्या उताराचा एक व्हिडिओ पाहिला. अर्धाच. जेवायला नको म्हटलं. दुपारची भाजी बाधली असावी.

१० डिसेंबर
दवाखान्यात एक पेशंट, पुढचा दात अर्धा तुटलेला. कसा? स्कीइंग करताना. कुठे? पलीकडे. मला इतका आनंद झाला की भूल द्यायचीच विसरत होतो. संध्याकाळी घरी पुरावा मांडला.

१२ डिसेंबर
आणखी एक तुटका दात. अलीकडचा. हा तर स्कीवर चढलाही नव्हता, गाडीतून उतरताना घसरला. ही केस घरी सांगितली नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते.

१५ डिसेंबर
नवा, शास्त्रीय निकष काढला: हॉस्पिटल कुठून जवळ? नकाशा पाहिला. हॉस्पिटल बरोबर फाट्यावर, दोन्हीकडून सारखंच अंतर. म्हणजे दोन्ही रिसॉर्टना त्याची सारखीच गरज पडते. रात्री दोनपर्यंत जागा. चहा कमी करायला हवा.

१९ डिसेंबर
माझा विजय! हॉटेल अलीकडचं. दोघी रोज सकाळी बसने पलीकडे जाणार, संध्याकाळी परत. मी अलीकडे नवशिक्यांच्या वर्गात. मुलीचा चेहरा जरा उतरला. एकत्र जायचं ठरलं होतं ना, असं काहीतरी पुटपुटली. पण सुरक्षिततेपुढे भावना दुय्यम. मोठी झाली की कळेल.

२ जानेवारी
बूट आणले. घालून दिवाणखान्यात चालून पाहिलं. घोटा वाकतच नाही. सोफ्यापासून दारापर्यंत गेलो, परतताना टीपॉयवर बसलो. टीपॉय जुनाच होता.

८ जानेवारी
पोहोचलो. डोंगर फोटोतल्यापेक्षा उंच आहे. फसवणूक आहे ही.
खोलीच्या खिडकीतून खुर्च्यांची लिफ्ट दिसते. नीट निरखून पाहिली. तारेला टांगलेला बाक. दार नाही, जमीन नाही, समोर एक दांडा, बस्स. त्यावर माणसं पाय हलवत गप्पा मारत वर जातात, थेट डोंगराच्या माथ्यावर. तिथून पलीकडे उतरता येतं म्हणे. ह्या बाकावर बसायचं नाही, हा संकल्प. लेखी.

९ जानेवारी
वर्गात सगळ्यात तरुण मी आणि सगळ्यात हुशारही मीच, असा अंदाज होता. शेजारी एक निवृत्त हेडमास्तरीणबाई. त्या पडतात, हसतात, उठतात. मी पडत नाही. कारण मी हलत नाही. शिक्षक म्हणाला, गुडघे वाकवा. म्हटलं, वाकलेलेच आहेत, ते आपोआप वाकलेत.
संध्याकाळी दोघी लाल गालांनी परत आल्या. मुलगी विचारत होती, बाबा, उद्या येशील का, नुसता बघायला? म्हटलं, वर्ग बुडवता येत नाही.

१० जानेवारी
आज चार हात घसरलो. स्वतःहून नव्हे. हेडमास्तरीणबाईंनी ढकललं. ओरडलो नाही. शिक्षक म्हणतो, ओरडलात. वाऱ्याचा आवाज असेल.

११ जानेवारी
दुपारी धुकं उतरलं. धुक्यामुळे बस लवकर परत येणार म्हणे, पण दोघींची अजून नाही. फोन लागत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पलीकडचा रस्ता बंद केलाय, तिकडे सगळे सुखरूप असतील, काळजी करू नका. ‘असतील’ म्हणाली. ‘आहेत’ म्हणाली नाही. ‘काळजी करू नका’ हे वाक्य मी रोज पेशंटना म्हणतो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.
लिफ्ट चालू आहे. माथ्यापर्यंत. जाऊन येतो.

११ जानेवारी, नंतर
दोन रजया पांघरल्यात, थंडीमुळे. क्रमाने लिहितो.
हेडमास्तरीणबाई वाटेत भेटल्या, एकटे जाऊ नका म्हणत शेजारी येऊन बसल्या. खुर्ची मागून आली, गुडघ्यांवर आपटली आणि आम्हाला उचलून निघाली. जमीन गेली. मग झाडांचे शेंडे गेले. मग सगळंच गेलं, नुसता पांढरा रंग. बाई म्हणाल्या, डोळे उघडा, नाहीतर उतरायचं कसं कळणार? म्हटलं, उघडेच आहेत.
अर्ध्यात लिफ्ट थांबली. खुर्ची झुलायला लागली. तार करकरत होती, की माझे दात, कळायला मार्ग नव्हता. मी बाईंना सांगत सुटलो. मुलगी जाणार आहे, तिने एकत्र जाऊ म्हटलं होतं, मी तिला बसने एकटं धाडलं. बाई म्हणाल्या, एकटी कुठे, आई आहे की. मग म्हणाल्या, दंड जरा सैल सोडा हो, माझा आहे तो.
निघाली एकदाची. माथ्यावर लिफ्टचा माणूस म्हणाला, पलीकडची बाजू बंद, उतरू नका, ह्याच खुर्चीतून खाली. म्हटलं, माझी माणसं तिकडे आहेत. तो म्हणाला, तिकडे आता कुणीच नाही, सगळ्यांना केव्हाच खाली आणलंय. खाली म्हणजे कुठे, हे विचारेपर्यंत खुर्ची वळली.
वर जाताना डोंगर समोर असतो. येताना समोर काहीच नसतं.
खाली दोघी उभ्या. रस्ता बंद व्हायच्या आधीच्या बसने आल्या होत्या, गर्दीमुळे बस मागच्या दाराशी थांबली. थंडीने दोघींच्याही फोनची बॅटरी उतरलेली. मला सगळ्या हॉटेलभर शोधत होत्या. शेवटी काउंटरवरच्या मुलीने वर बोट दाखवलं.
 बायकोने माझी टोपी सरळ केली, मग पुन्हा एकदा सरळ केली. मुलगी म्हणाली, “तू लिफ्टमध्ये बसलास? तू?”
म्हटलं, देखावा बघायला गेलो होतो.
“धुक्यात?”
मी बुटांवरचा बर्फ झटकायला लागलो.

१२ जानेवारी
वर्ग बुडवला. दोघीही पलीकडे गेल्या नाहीत. लहान मुलांच्या उतारावर मुलीने माझे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटी घसरत मला खाली आणलं. पुन्हा. पुन्हा. मी तिला आधार देत होतो.

२८ जानेवारी
बॅगा भरून झाल्या. मुलगी उद्या सकाळी निघते.
आज एक गोष्ट उघडकीस आली. लिफ्टच्या माथ्यावर कॅमेरा असतो, प्रत्येकाचा फोटो आपोआप निघतो, खाली कॅफेत विकत मिळतो. बायकोने तेव्हाच घेऊन ठेवलेला. फोटोत मी: डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं, अक्कलदाढेची जागासुद्धा दिसतेय. दोन्ही हातांनी हेडमास्तरीणबाईंना मिठी. बाई कॅमेऱ्याकडे बघून छान हसताहेत.
मुलगी तो बॅगेत ठेवत होती. म्हटलं, दे इकडे, दवाखान्यातला चांगला देतो, कोटातला.
नको म्हणाली. हाच.
बॅगेची चेन बसत नव्हती. मी दाबून धरली, तिने ओढली.