मिरचीवर आळ

आई, मागच्या आठवड्यात भिवापुरी मिरची दळून आणली आणि माझा घसा बसला. फोनवर सुनेनं मला चक्क 'बाबा' म्हटलं. तुला हसू आलं असतं; मला घाम फुटला. तुझंही असंच सुरू झालं होतं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि तुझा आवाज हळूहळू जाड होत गेला. आपण सगळ्यांनी आळ घेतला तो बिचाऱ्या मिरचीवर. तू तिखट सोडलंस, फिकं वरण बघून बाबा पानावर सुस्कारे टाकायचे, पण आवाज काही सुटेना. मग हनुवटीवर केस आले. सक्करदऱ्याच्या आपल्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तू मला आरसा धरायला लावायचीस आणि ते उपटायचीस. "कोनाले सांगू नको वं," एवढंच म्हणायचीस. सगळ्यात वाईट म्हणजे, कोजागिरीला भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या पोरी आल्या की तू नुसत्या टिपऱ्या वाजवायचीस. दरवर्षी गाणं सुरू करून देणारी तू!

शेवटी मीच तुला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर लहानशी गाठ दिसली. ही गाठच पुरुषांचं हार्मोन तयार करते, म्हणून केस, म्हणून आवाज, असं त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं. तू म्हणालीस, "रिटायर झाल्यावर बी काम करून राहिलं वं हे!" आणि मग हळूच विचारलंस, "माहा आवाज वापस येईन का?" केस कमी होतील, आवाजाचं सांगता येत नाही, असं त्यांनी खरं खरं सांगितलं. गाठ काढली, देवाच्या दयेनं साधी निघाली. केस गेले. आवाज तसाच राहिला.

त्या कोजागिरीला मी गाण्याचा हट्ट धरला तर तू खेकसलीस, "काहून वं, लोकायले हासवू का आता?" पण पोरी तुझ्याकडे बघत थांबूनच राहिल्या. मग तू सुरू केलंस, खालच्या पट्टीत. पोरींना तिथं पोचता येईना. खोकत, हसत, आपापले आवाज खाली ओढत त्या तुझ्यामागे म्हणू लागल्या. त्यानंतर तू होतीस तोवर आपल्या गल्लीत भुलाबाईची गाणी त्याच पट्टीत झाली. आई म्हटलं की मला तोच आवाज ऐकू येतो. आधीचा गोड आवाज आता कितीही आठवला तरी येत नाही.

मी लगेच तपासून घेतलं बरं का. रक्त, सोनोग्राफी, सगळं ठीक आलं. "घसाच आहे, मिरचीनं धरलेला," डॉक्टर म्हणाल्या. या खेपेला मिरचीच चोर निघाली. घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. कोनाले सांगू नको वं. घसा बसला होता तेवढे दिवस, घरात कोणी नसलं की मी स्वतःलाच तुझ्यासारखी हाक मारून ऐकत होते. आज सकाळी घसा सुटला, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.