नऊ नंबरच्या बससाठी संपादकांना पत्र

६ जानेवारी, सोमवार
काउन्सिल नऊ नंबरची बस फेब्रुवारीअखेर बंद करणार. विनिफ्रेड राहते त्या नर्सिंग होमला जाणारी हीच एक बस, आणि फिट आल्यापासून मला गाडी चालवायला मनाई. काळजीचं कारण नाही. ‘हार्नबी मर्क्युरी’च्या संपादकांना पत्र लिहितो. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, पण शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस या गावात मी एकटाच.

९ जानेवारी
मर्यादा २५० शब्द. माझे ११४०. संपादक समजून घेतील.

१४ जानेवारी, मंगळवार
नेहमीच्या मंगळवारच्या भेटीत विनिफ्रेडला मसुदा वाचून दाखवला. तिने विचारलं, कोणी लिहिलंय? म्हटलं, मीच. हुशार आहात हं, म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तिसऱ्या परिच्छेदाला मान डोलावली. तो ठेवायचा.

१६ जानेवारी
शेजारच्या मिसेस ग्राइस कुंपणावरून म्हणाल्या, अरे लेनर्ड, आकडे कसले देतोस, बायकोचं लिही! वाचणारे रडतील. मी म्हटलं, मला रडवायचं नाही, पटवायचंय. घरचं दुखणं पेपरात मांडणाऱ्यांतला मी नाही. मग बस बोंबलत, म्हणाल्या.

२० जानेवारी
पत्र पोस्टात टाकलं. नियम असा, की विरोधकाचा मुद्दा आधी मान्य करायचा, मग खोडायचा. दोन आठवडे स्टॉपवर उभं राहून मोजलं: फेरीमागे सरासरी ३.७ प्रवासी. हे सुरुवातीलाच दिलं. खोडणं पुढच्या चार पानांत.

३१ जानेवारी, शुक्रवार
छापलं! एकच वाक्य. ‘मी स्वतः मोजले आहे: नऊ नंबरच्या बसमध्ये फेरीमागे सरासरी ३.७ प्रवासी असतात. – एल. टॅपलो.’ बाकी काटछाट. नाव मात्र अचूक.

११ फेब्रुवारी
काउन्सिलच्या सभेत अध्यक्षबाईंनी माझं पत्र वाचून दाखवलं. बस बंद करायचा ठराव मंजूर. आकड्यात चूक कोणालाही काढता आली नाही, हेही नोंदवतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
शेवटची फेरी. ड्रायव्हर म्हणाला, या मोजणीसाहेब, आज किती भरले? मी एकटाच होतो. विनिफ्रेडला काही सांगितलं नाही. मंगळवारपर्यंत मार्ग निघेल.

४ मार्च, मंगळवार
गावातली एकमेव टॅक्सी शाळेच्या फेऱ्यांवर. पायी नऊ मैल. संपादकांना खुलासा लिहायला बसलो.
तीन वाजता नर्सिंग होममधून फोन. नर्स म्हणाली, मिस्टर टॅपलो, निघालात ना? त्या जेवल्यापासून कोट घालून दारापाशी बसल्यात. कोण येणार आहे विचारलं, तर म्हणतात, नाव आठवत नाही, पण येतो तो.