जोडाखालचं हिरवं

बाबा, आज सकाळी आमच्या इमारतीखाली झाडं छाटायला माणसं आली होती. इथे आखातात, अल रीम बेटावर आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहतो, काचा बंद असतात, करवतीचा आवाज वर यायला नको. मला तो येतो. मला खिडकीशी उभा राहिलेला बघून नातू म्हणाला, "दादा, इट्स जस्ट ट्रिमिंग." मी म्हटलं, हो रे. चहा मात्र गार झाला.

इथल्याच पूर्व किनाऱ्यावरच्या कल्ब्याची ती बाग. या देशाला तेव्हा आजचं नावही नव्हतं. बागेच्या मालकाच्या, म्हणजे अरबाबच्या, वडिलांनी कधीकाळी गलबतातून रत्नागिरीची हापूस कलमं आणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लावली होती. ते गेले आणि वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. तुम्ही आपल्याकडचे नावाजलेले कलमं बांधणारे, म्हणून अरबाबने तुम्हाला बोलावून घेतलं. तुमच्यामागून मी, मॅट्रिक झालेला, डोक्यात शाळेतल्या कविता घेऊन आलेला विशीतला पोरगा. बाकीची झाडं वठून गेली होती. पाण्याच्या पाटाजवळचं एकच जीव धरून होतं. अरबाबची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं मागणं एवढंच, की नवऱ्याने लावलेल्या झाडाचा आंबा मरायच्या आधी एकदा तोंडाला लागावा.

थंडीचे दिवस होते. तुम्ही तापाने फणफणून झावळ्यांच्या खोपीत पडला होतात आणि मी करवत घेऊन झाडाशी उभा. एका अंगाला भेगाळलेली, वाळकी फांदी, टोकाला जेमतेम चार पानं. दुसऱ्या अंगाला बुंध्यातून सरळ वर चढलेला सोट, तकतकीत पानांनी भरलेला. त्या खडकाळ मुलखात इतकं हिरवं मी किती महिन्यांनी बघत होतो! मी काहीतरी गुणगुणत असणार, कारण आतून तुम्ही ओरडलात, "तुझ्या कवितेला आंबे लागत नाहीत रे! आधी जोड बघ. खुंटाला कलम जिथे सांधलंय ना, त्याच्या खालून फुटलेलं सगळं रायवळ, हापूस नव्हे. ते काढ." मी म्हटलं, "हो बाबा." आणि वाळकी फांदी कापली.

दुपारी तुम्ही कुडाला धरत धरत बाहेर येता. कापलेल्या जागेवर तळहात ठेवता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. माझ्याकडे बघत नाही. "जोड दिसला नाही तुला?" "नाही, बाबा." तुम्ही खाली वाकलात. पडलेल्या फांदीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्यात आणि अंगात ताप असताना त्या हिरव्या सोटावर सात कलमं बांधलीत. डोंगरावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यात एकही धरलं नाही. अरबाब आला, "ये क्या हुआ, उस्ताद?" म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मेरे हाथ से गलत कटा, अरबाब. बुखार में था." त्याने झाडाभोवती एक फेरी मारली. मग "खलास" म्हणून निघून गेला.

उन्हाळ्यात त्या सोटाला आंबे लागले, भरपूर. अरबाबने पिकलेला पहिला आंबा स्वतः आत नेला. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा आंबा त्याच्या हातातच होता, एकच चावा घेतलेला. "अम्मा बोलती, ये उसका नहीं," म्हणून त्याने तो तुमच्या हातावर ठेवला. चाव्यातून रायवळाचे दोरे लोंबत होते. त्यानंतर तुम्ही करवत धरली नाहीत. गावी परतल्यावरही कुणी कलमं बांधायला बोलावलं, तर "आता हात कापतो" म्हणायचात. हात कापत नव्हता. सुपारी तुम्ही शेवटपर्यंत केसासारखी बारीक कातरत होतात. मी समोर बसून बघत असे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आईची पत्रं खोपीत मीच मोठ्याने वाचून दाखवायचो, तिची दुखणी गाळून, आणि तुम्ही म्हणायचात, "आता गाळलेलं वाच." तिकडे तुमच्याकडे आलो की हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागेल, म्हणून घडी करून उशीखाली ठेवतो आहे. गाळलेलं एवढंच आहे, बाबा. जोड मला दिसला होता. बोटाने चाचपूनही बघितला होता. हिरव्यावर करवत लावायला हात धजला नाही.