किल्लीपुढची शून्यं

१२ नोव्हेंबर २००६, अंबड
दाराला कुलूप लावताना एक्याऐंशी सालची भाड्याची खोली आठवली. किल्ली एकच. दोघांनाही वाटलं दुसऱ्याकडे आहे. पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या, मग ती माझ्याच पर्समध्ये निघाली. हे अजून चिडवतात.
आता वेगळ्या किल्ल्या. हे गणिताचे निवृत्त सर आणि पुण्याची आमची नीता, बापलेक मिळून प्रोग्रॅमिंगची लायब्ररी लिहितात, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड. कॉम्प्युटरवर सही करायची खासगी किल्ली त्यात कशी ठेवायची, तेवढा भाग यांचा. यांच्या हृदयाच्या बायपासच्या आधी संपवायचाय.

१५ नोव्हें.
"किल्ली म्हणजे नुसता एक मोठ्ठा आकडा. सोबत गणितातल्या ज्या वक्रावरची ती, त्याचं नाव, बस्स."
"आणि कुणी छापून दाखव म्हटलं तर?"
"बिलकुल न्हाई दाखवणार. तुझ्यासारखी बडबडी न्हाई ती."

१९ नोव्हें.
नीताचा फोन. बहुतेक किल्ल्या चालतात, एखादीच तिच्याकडे नाकारली जाते. हे नीट जेवले नाहीत. डॉक्टर म्हणतात ताण नको, पण...

२० नोव्हें.
नाकारलेली किल्ली चाचणीपुरती, म्हणून नीताने फोनवर सांगितली. यांनी ठळक अक्षरात उतरवली. तीच किल्ली यांच्या कॉम्प्युटरने कशी ठेवली ते पडद्यावरचं बारीक यांना दिसत नाही, ते मी वाचलं, कागदावरचं यांनी. शाळेत सिस्टर पाढे म्हणवून घ्यायच्या तसं, दोन-दोन अक्षरं, आपापल्या जोड्या मोजत. माझं आधी संपलं.
"एक जोडी कमी आहे हो."
कागदावर सुरुवातीला दोन शून्यं. यांनी किल्ली आकडा म्हणून ठेवलेली, पुढची शून्यं आपोआप गळाली. कपाळावर हात मारून हसले. "जन्मभर पोरांना सांगितलं, पुढच्या शून्याला किंमत न्हाई. अगं, पण जागा लागते ना!"

२२ नोव्हें.
आता किल्लीला ठरलेली घरं. आकडे कमी पडले तर सुरुवातीला शून्यं भरायची. नीता फोनवर ओरडली, "बाबा, सगळ्या चालून राह्यल्या!" यांनी वरण-भात पुन्हा मागून घेतला.

२५ नोव्हें.
उद्या औरंगाबाद. परवा ऑपरेशन. बॅग भरताना म्हणाले, लिहून घे.
कॉम्प्युटर नीताला. पुस्तकं कॉलेजला. थर्मास तुला, तसाही तू कुणाला देणार न्हाईस.
लायब्ररीवर सही करायची खरी किल्ली एका गुप्त वाक्याने बंद केलीय. अर्धं वाक्य नीताला, अर्धं मला. "दोघी मिळाल्या तरच उघडंल."
"आणि तुमच्याकडे?"
"पुरं."
मग मला ते वाक्य जोडायचंच नाहीये, मी म्हटलं. यांनी बॅगेची चेन उगाच उघडली, लावली.
शेवटचं मी माझं लिहिलं: घराची किल्ली यांना. शर्टाच्या खिशात मीच घातली. येताना दार यांनी उघडायचं.